छताकडचा जोड

बाबा,

तुमच्या दुकानाचे शटर या उन्हाळ्यात मी पुन्हा वर केले. तुम्ही गेल्यापासून सोळा वर्षे ते बंद होते. कुलपात डिझेल सोडून दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी किल्ली फिरली. तोडून मोकळे व्हा, असे शेजारच्या पंक्चरवाल्याने तेलुगूत दोनदा सुचवले. मी नाही म्हटले. आत सगळे ठेवल्या जागी होते: ऐरण, तिच्या पायाशी वेल्डिंगच्या रॉडचा पत्र्याचा डबा, काळ्या काचेची ढाल, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि फोटोखाली तुमच्या हातची, खडूने लिहिलेली कुठल्यातरी ट्रॉलीची मापे. ती मी पुसली नाहीत. ट्रॉली केव्हाच भंगारात गेली असेल.

दुकानासमोरून आता फारशी वाहने जात नाहीत. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे सगळे बाहेरच्या रुंद रस्त्याने निघून जातात, आणि दुपारी येथे इतके शांत असते की पंक्चरवाल्याच्या टबात हवेचा बुडबुडा फुटला तरी ऐकू येतो. घरातही तसेच आहे. तुमच्या सुनेला जाऊन चार वर्षे झाली. कार्यालयात दिवसभर तेलुगू, बाजारात हिंदी. मराठी बोलायला एक मुलगी उरली, ती हैदराबादेत, आणि तिच्याशी बोलणे रविवारी सकाळी, पंधरा मिनिटे. तेव्हा या पत्रात एखादे वाक्य मी गरजेपेक्षा लांबवले असेल तर ते त्या भुकेपोटी, असे समजावे.

मुलगी तुम्हाला आठवत असेल ती नऊ वर्षांची. शाळेतून आली की ऐरणीवर बसायची आणि तुम्ही ठिणग्या उडवल्याशिवाय घरी यायची नाही. ती आता यंत्रांच्या भागांचे आराखडे काढण्याची नोकरी करते, आणि सुटीच्या दिवशी मोटारींच्या शर्यतीत उतरते. टीव्हीवर दिसतात त्या शर्यती नव्हेत. ही हौशी माणसे; आपापल्या जुन्या, लहान गाड्या घेऊन एखाद्या पडीक शेतातल्या मातीच्या वाटेवर जमतात, एकेक गाडी एकटी धावते, आणि दुसरा माणूस घड्याळ धरतो. मला हे कळले ते तिच्या आईच्या वर्षश्राद्धाला नव्हे, आपल्याकडे ते नाही, पण त्या दिवशी विहारात जाऊन आल्यावर. तिने भाताचे पातेले उचलले आणि बाही मागे सरकली. कोपरापासून खांद्यापर्यंत निळे-पिवळे झालेले होते. "गाडी जराशी कलली होती, पप्पा," ती म्हणाली, जशी भाजी जराशी लागली असे कोणी म्हणावे.

गाडी आपलीच होती. ती पांढरी, लहान, जी मी तुमच्या शेवटच्या वर्षांत घेतली. तुम्ही त्या गाडीत एकदाच बसलात. निर्मलपर्यंत गेलो आणि परत आलो. मला तो दिवस असा दिसतो: तुम्ही दुकानाच्या दारात उभे आहात, गाडीभोवती एक फेरी मारता, मग उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने छतावर टकटक करता. कान जवळ नेता.

"काऊन रे, हे उलटलं त काय व्हईन?"

"उलटासाठी घेतली का बाबा गाडी?"

"तशासाठी कोनीच घेत नाई. उलटते मंग."

मी हसलो. आज मला ते हसू आवडत नाही.

या वर्षी मुलीला एक पायरी वर जायचे होते. हैदराबादच्या पलीकडे, दगडगोट्यांच्या चढउताराच्या वाटेवर एक शर्यत होती आणि तिच्या नियमात स्पष्ट लिहिले होते की गाडीच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा पाहिजे. त्याला ते लोक रोल केज म्हणतात. चालकाच्या मागे एक जाड नळीची कमान, पुढे काचेशी दुसरी, दोन्हींना छताजवळ जोडणाऱ्या नळ्या, दारांपाशी आडव्या, आणि सगळ्याचे पाय गाडीच्या तळाला पक्के केलेले. गाडी उलटली तर पत्रा चेपतो, पिंजरा चेपत नाही, आणि आतले माणूस पिंजऱ्यात असते. आराखडा शर्यतीच्या समितीने दिला होता. मुलीने तो मला फोनवर पाठवला.

"हा बसवला म्हनजे गाडी उलटली तरी मले काही होत नाही, पप्पा."

"उलटली तरी, असं तूच आता म्हटलं."

"तुमी ना, बोलन्यात पन एतराज काढता!"

तिचे चूक नाही. अठ्ठावीस वर्षे मी तेच काम करीत आलो. फाइल माझ्या टेबलावर आली की मी तिच्यात काय कमी आहे ते शोधतो. आमच्या दफ्तरात त्याला अजून निजामाच्या वेळचा एतराज हाच शब्द चालतो. माझ्या टेबलावरून पहिल्या फेरीत सुटलेली फाइल दाखवा, असे कनिष्ठ सहकारी एकमेकांना म्हणतात. मी ऐकले आहे. पण या फाइलीवर माझा एतराज चालणार नव्हता. मुलगी पंचवीस वर्षांची आहे, स्वतःचे कमावते, आणि मी नाही म्हटले असते तर हैदराबादेत कोणाकडूनही पिंजरा बसवून घेतला असता. तो कसा जोडला, कोणी तपासला, मला कळले नसते. तिला थांबवणे मला जमेना आणि दुसऱ्याच्या हातावर सोडणेही जमेना. म्हणून एका रविवारी पंधरा मिनिटे संपता संपता मी म्हणालो, "गाडी इकडे घेऊन ये. मी करतो."

मग ती म्हणाली, "पप्पा, तुमाले वेल्डिंग येते?"

पंचवीस वर्षांत मी तिला सांगितले नव्हते, बाबा. बी.कॉम. झाल्यावर आठ महिने मी तुमच्या हाताखाली होतो हे तिला माहीत नव्हते. त्या आठ महिन्यांचा शेवट मला सांगता येत नव्हता, म्हणून सुरुवातही सांगितली नाही.

चाचा अजून आहेत. तुमच्या हाताखाली वीस वर्षे घण मारणारे, तुम्हाला उस्ताद म्हणणारे. आता एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे, हात थरथरतात. मी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी आवाजावरून ओळखले. शाळेत जाणारा म्हणून लहानपणी मला दिलेले नाव त्यांनी अजून सोडलेले नाही.

"क्या मास्टर, बुढ़ापे में आग से खेलना?"

"तुम्ही फक्त बघायचं, चाचा. हात माझा."

"हौ, देखूँगा. एक आँख से देखूँगा तो आधी गलती दिखेगी. तुमको फायदा."

तुमचे जुने मशीन मेले होते. आता हातात उचलून नेण्यासारखी लहान मशिने मिळतात; एक घेतले. नवा चष्मा केला. मे महिन्यापासून रोज कार्यालय सुटल्यावर दीड तास मी नळीचे तुकडे जोडत बसलो. एक नळी दुसरीच्या अंगावर टेकवायची तर तिचे तोंड अर्धगोल कापावे लागते. चाचा त्याला मछली का मुँह म्हणतात. जोड झाला की थंड होऊ द्यायचा आणि आरीने मधोमध कापून आत धातू किती उतरला ते पाहायचे. पहिला जोड कापला तेव्हा चाचांनी त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ये जोड़ नहीं मास्टर, मलाई है. ऊपर जमी, नीचे दूध." साठाच्या पुढे जोड मी असे केले आणि कापले. शेवटचे दहा कापल्यावर चाचा काही बोलले नाहीत. तुमच्या दुकानात काही न बोलणे हीच शाबासकी होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

मुलीने दहा दिवसांची रजा काढली आणि गाडी घेऊन आली. कमानी नागपुरात वाकवून घेतल्या होत्या, कारण तेवढी जाड नळी वाकवण्याचे यंत्र येथे नाही. आतल्या सीट, गालिचे, छताचे कापड, सगळे आम्ही दोघांनी उतरवले. मागच्या सीटखाली तिची शाळेतली एक पेन्सिल आणि तुमच्या सुनेची केसांची पिन सापडली. मुलीने दोन्ही खिशात टाकल्या. मी मागितल्या नाहीत.

पहिली चूक माझीच. तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तुमच्या हाताखाली एक महिना काढलेल्या माणसाने ती करू नये. मी गाडी सिमेंटच्या चार ठोकळ्यांवर उचलून ठेवली. पाणसळ लावली, चारही कोपरे असे समपातळीत आणले की बुडबुडा रेघेच्या मधोमध स्थिर झाला. त्याच अवस्थेत कमानी उभ्या केल्या, मापे घेतली, ठिकठिकाणी वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारले. शुक्रवार होता, चाचा नमाजला गेले होते. संध्याकाळी गाडी खाली उतरवली आणि चालकाच्या बाजूचे दार बंद होईना. खांदा लावला तरी होईना.

"गाडी रुसली, पप्पा," मुलगी म्हणाली.

चाचा आले, दारावरून हात फिरवला आणि कपाळावर मारून घेतला. "हवा में लटका के कुर्ता सिलाए क्या? आदमी खड़ा रहता तब नाप लेते मास्टर! पाँव पे खड़ी करो, पेट में वजन भरो, फिर सिलो. उस्ताद क्या बोलते थे?"

काय म्हणायचे ते मला आठवत होते. ज्याचं वजन त्याच्या पायावर येऊ दे, मंग शिव. म्हणून तुम्ही ट्रॉलीचा शेवटचा जोड मारण्यापूर्वी तिच्यात सरकीची पोती भरायचा आणि गिऱ्हाईक हसायचे. ठोकळ्यांवर टांगलेली गाडी आपल्या पायांवर येते तेव्हा तिचे अंग किंचित बसते. माझा बुडबुडा रेघेत होता, पण गाडी तिच्या अंगात नव्हती. आम्ही सगळे टाके कापले. मग गाडी तिच्या चार चाकांवर उभी केली, चालकाची सीट परत बसवली, आणि तिच्यावर मुलीच्या वजनाइतके वाळूचे पोते ठेवायचे ठरले. तिचे वजन घ्यायला कापसाच्या अडत्याच्या काट्यावर गेलो. ती वजनकाट्यावर उभी राहून हसत होती, अडत्या म्हणाला, "सर, भाव काय लावू?" हेल्मेटचे वजन मी त्यात मिळवले. पोत्याला पट्टा बांधला. चार दिवस ते पोते सीटवर तिच्यासारखे सरळ बसून होते, आणि मी त्याच्याभोवती नळ्या मांडत होतो.

यानंतर छताकडचे जोड आले. कमानी छताला इतक्या लागून असतात की वरच्या आठ जोडांची छताकडची बाजू ना दिसते ना हाताला लागते. खालून जोड मारून घ्यावा, वरचा चतकोर तसाच सोडावा, रंग लावावा. कोणाला कळत नाही. बाहेर असे पिंजरे पुष्कळ आहेत, मुलीनेच सांगितले. मी आराखडा पसरून बसलो होतो आणि चाचा विडी न पेटवता तोंडात धरून होते. तेव्हा तुमचे दुसरे वाक्य मला आठवले. हात पोचत नसंल त जोड खाली आन, हात वाकडा करू नको. आम्ही जेथे पिंजऱ्याचे पाय येणार होते तेथे गाडीच्या तळाला भोके पाडली आणि अख्खा पिंजरा त्या भोकांतून चार बोटे खाली उतरवला. छत आणि नळी यांच्यामध्ये रॉड जाण्याइतकी फट झाली. वरून जोड भरायचे, मग पिंजरा उचलायचा, भोकांवर जाड पोलादी पट्ट्या ठेवायच्या आणि पाय त्यांवर पक्के करायचे. एकदा पिंजरा उचलला की वरचा जोड पुन्हा कोणाच्याही हाताला लागणार नव्हता. म्हणून उचलण्यापूर्वी तपासणे आले, आणि तपासायला आरसा.

आरशाबद्दल आता बोलले पाहिजे.

ते आठ महिने मला तारीखवार आठवत नाहीत, पण शेवटची दुपार तासवार आठवते. बाजारहत्नूरच्या एका शेतकऱ्याची कापसाची ट्रॉली. तिच्या आसाशेजारचा एक आधार तुटला आहे, आणि तुम्ही प्रथमच म्हणता, "तू मार हा." मी ट्रॉलीखाली पाठीवर झोपतो. जागा अडचणीची, आधाराची मागची बाजू आसाकडे, हात जेमतेम जातो. मानेवर ठिणगी पडते, मी हात हलवत नाही. दीड तासाने बाहेर येतो. शर्ट पाठीला चिकटलेला आहे आणि मी खूश आहे. तुम्ही बघितले असते तर कळले असते की मी किती खूश होतो. तुम्ही सायकलच्या आऱ्याला बांधलेला तो लहान गोल आरसा घेऊन खाली जाता. तुम्ही प्रत्येक काम आरशाने तपासायचा. का ते विचारले तेव्हा एकदाच सांगितले होते: दुसऱ्याचं काम लोक वरून पाह्यतात, आपलं उलथून पाह्यतात. सालदाराचा पोरगा लोखंड जोडतो, हे गावांना पटायला दहा वर्षे लागली होती, आणि त्या दहा वर्षांत तुमची प्रत्येक ट्रॉली कोणीतरी खाली वाकून बघितली होती.

तुम्ही ट्रॉलीखालून बाहेर येता. गुडघे झटकता.

"मांगून भरला नाई."

एवढेच. मग आरी घेता आणि त्या शेतकऱ्यासमोर, चाचांसमोर, माझा जोड कापता. तोच आधार तुम्ही स्वतः पुन्हा जोडता. हात धुताना, माझ्याकडे न पाहता म्हणता, "उद्यापासून दुकानात येऊ नको. नोकरीचे फारम भर." मी फारम भरले. वर्षाच्या आत नेमणुकीचे पत्र आले आणि त्या दिवशी तुम्ही मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू दिलीत. तो आरसा होता. "ठेव. कामी येते," म्हणालात. मला तो टोमणा वाटला. आपली मागची बाजू बघत जा, असा. मी पाया पडलो, आरसा टेबलाच्या खणात टाकला, आणि पुढे कित्येक वर्षे दौऱ्यावर गेलो की त्यात दाढी केली.

तर गुरुवारची दुपार. शुक्रवारी सकाळी गाडी ट्रेलरवर चढवून न्यायची होती, शनिवारी समितीची तपासणी, रविवारी शर्यत. पिंजरा चार बोटे खाली आहे, आठही जोड भरून झाले आहेत, गार झाले आहेत. मी वाळूचे पोते बाजूला करून सीटवर मान मागे टाकतो, एका हातात आरसा, दुसऱ्यात मोबाइलचा दिवा. एकेक जोड बघतो. पहिला ठीक. दुसरा ठीक. सात ठीक. आठवा चालकाच्या डोक्यावरचा, उजवीकडचा. आरशात तो स्वच्छ दिसतो. माशाच्या खवल्यांसारखे एकसारखे थर, कोठे खंड नाही. माझ्या हातून आयुष्यात झालेला तो सगळ्यांत चांगला जोड आहे.

मी आरसा हलवून पुन्हा बघतो. मग तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात येते की मी जोड तपासत नाही, खोट शोधतो आहे. मला ती हवी आहे. हा जोड अपुरा असेल तर कापावा लागेल; कापला तर नळी आखूड पडेल; नवी वाकवून आणायला नागपूर, म्हणजे किमान चार दिवस. शर्यत हुकेल. पुढची पावसाळ्यानंतर. तोपर्यंत काहीही होऊ शकते. तिचे मन बदलेल, काम वाढेल. बाहेर मुलगी पट्ट्या घासते आहे, गुणगुणते आहे. गुणगुणणे तिच्या आईचे आहे.

"झालं का, पप्पा?"

"मागून भरला नाही," मी म्हणालो.

मी ते ठरवले नव्हते, बाबा. वाक्य तोंडात तयार होते. तीस वर्षे जपून ठेवल्यासारखे ते बाहेर आले, आणि आवाजही माझा नव्हता.

घासणे थांबले. चाचा खाटेवरून उठून बसले. मी गाडीतून बाहेर येणार, तेवढ्यात मुलगी दाराशी आली आणि तिने हात पुढे केला.

"दाखवा."

"मी बघितलं ना."

"हौ, पन मले बघू द्या. कुठून कापायचा ते कळलं पाह्यजे ना?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. आराखड्यावर चूक सांगितली तर ती बोट ठेवून मागते, तशीच तिला सवय. मी आठव्या जोडाकडे बोट केले आणि आरसा दिला. ती माझ्या जागी बसली, मान मागे टाकली. तिने किती वेळ घेतला ते मी सांगू शकणार नाही. चाचांची विडी विझली होती आणि ते ती पुन्हा पेटवत नव्हते.

"कुठं, पप्पा?"

"डावीकडे."

"डावीकडं भरला आहे."

"थोडा आत असेल."

"आत पन भरला आहे."

तिने दिवा बंद केला. बाहेर आली आणि आरसा शर्टाच्या टोकाला पुसून माझ्या हातात ठेवला. मग माझ्याकडे बघितले. ती माझीच मुलगी आहे. एखाद्या कागदावर जे लिहिलेले नाही ते तिलाही वाचता येते. मी खाली बघितले. तिच्या बुटांवर पोलादाचा भुसा होता.

"चष्मा बदला, पप्पा," ती म्हणाली. "नंबर वाढला तुमचा."

चाचा गरजेपेक्षा मोठ्याने हसले. "हौ, हौ! मास्टर की आँख भी मेरी पार्टी में आ गई!"

"उचलायचा मंग?" तिने विचारले.

"उचल," मी म्हणालो. आम्ही तिघांनी पिंजरा उचलला, चार बोटे, आणि पट्ट्या खाली सरकवल्या. पाय पक्के केले. दारे बंद झाली. बोटाने लोटली तरी झाली.

ती गेल्यावर मी चाचांना घरी सोडायला गेलो तेव्हा वाटेत विचारले. बाजारहत्नूरची ट्रॉली आठवते का. आठवत होती. तो माझा जोड खरोखर अपुरा होता का, असे विचारायला मला अर्धा रस्ता लागला.

"मेरे को क्या मालूम, मास्टर. आईना तो उस्ताद के हाथ में था."

मलाही माहीत नाही. आरसा तुमच्या हातात होता आणि मी तो मागितला नाही. दाखवा, एवढा एक शब्द. मी तेव्हा पदवीधर होतो, बावीस वर्षांचा, आणि मला तो सुचला नाही. किंवा सुचला आणि तुमच्यापुढे उच्चारता आला नाही. तुम्ही खरे बोललात असे धरले तर मी एक साधा अपुरा जोड मारला होता आणि तीस वर्षे उगाच जखम चाटत राहिलो. आणि खरे बोलला नसाल, तर त्या दुपारी ट्रॉलीखाली पडून तुम्हीही आरसा तीनदा फिरवला असेल. मग मुलाचे हात, त्याची मान, त्याची फुफ्फुसे, गावोगावचे वाकून बघणारे लोक, हे सगळे तुम्हाला त्या गोल काचेत दिसले असेल आणि जोड दिसला नसेल. दोन्हींतले कोणते, हे ठरवायला माझ्याकडे कागद नाही. फक्त आरसा आहे, आणि तो तुम्ही मला नेमणुकीच्या दिवशीच का दिलात, हा प्रश्न. ज्या दुपारच्या जोरावर मी अठ्ठावीस वर्षे इतरांच्या कामात खोट काढत बसलो, त्या दुपारच्याच पोटात खोट आहे की नाही हे मला सांगता येत नाही. तुमचा राग यायला हवा होता. आला नाही. जे मी एकदा करून बघितले, त्याचा राग धरण्याचा हक्क बहुधा राहत नाही.

शर्यत झाली. चौदा गाड्यांत मुलगी अकरावी आली. रविवारी संध्याकाळी तिने फोन केला, नेहमीची वेळ सोडून; मागे माणसांचा गलका होता आणि ती मोठ्याने, भरभर बोलत होती. एका वळणावर गाडी दोन चाकांवर गेली आणि परत चारांवर आली. तपासणीच्या माणसाने वरचे जोड आरशात बघून विचारले की हे कोणी केले. "मी म्हटलं, माझ्या पप्पांनी. त्याले खरं नाही वाटलं. मंग म्हटलं, आजोबांचं दुकान आहे. तेव्हा म्हनाला, हां, मंग बरोबर." तिने मला पुढच्या वेळी बघायला बोलावले आहे. पावसाळ्यानंतर. मी बघू म्हणालो.

दुकान मी परत बंद करणार आहे. चाचांना आता रोज येणे होत नाही, आणि कारण राहिले नाही. वाळूचे पोते मात्र अजून खाटेवर टेकून बसले आहे, पट्ट्यासकट. काल मी त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला. ओतून टाकायचे मनात आले, ओतले नाही.

हे पत्र कोठे पाठवायचे, हा प्रश्न तुमच्या बाबतीत येत नाही. रॉडच्या डब्यात ठेवतो. तो कोरडा राहतो, तुम्ही तो त्यासाठीच बनवला होता. आरसाही हे काम चालू असताना मी त्यातच ठेवत होतो, पण तो मी घरी नेतो आहे.

मुलगी दर रविवारी विचारते, पप्पा, डोळे तपासले का. मी म्हणतो, या आठवड्यात जातो. चष्मा मी मे महिन्यातच बदलला आहे, बाबा, पहिल्या जोडाच्या आदल्या दिवशी. मला सगळे अगदी स्वच्छ दिसते.